लवकर विरणारा नाद

ड्रम सेटवरच्या सिंबलांत सगळ्यात जास्त बदनामी चायनाच्या वाट्याला आली आहे. पत्रा, डबा, फुटकं भांडं ही नावं त्याला ड्रमरांनीच ठेवलेली. ऑर्केस्ट्रात कीबोर्डवाला तो आपल्या बाजूला लावू देत नाही. साउंड चेकला इंजिनिअर आधी विचारतो, ‘हा वाजवणारच आहेस का?’ नवशिके तो घेतात ते बरेचदा सेट भरलेला दिसावा म्हणून, आणि मग गाण्याच्या शेवटी एकदा दणका देण्यापलीकडे त्याला काही काम उरत नाही. या सगळ्यामागे एकच समजूत आहे : चायना म्हणजे बिघडलेला क्रॅश. पुढचं पुस्तक हा त्या समजुतीशी घातलेला वाद आहे.

वादात शिरण्याआधी माझं म्हणणं एका दमात सांगून टाकतो. चायना खरखरीत आहे, त्याला नेमका सूर नाही आणि तो लवकर विरतो. या तिन्ही गोष्टी कारागिराने मेहनतीने घडवलेल्या असतात आणि त्यांतली तिसरी सर्वांत मोलाची. क्रॅश मागे आस ठेवतो, चायना मागे जागा ठेवतो. त्या जागेचं काय करायचं हे ज्याला कळलं, त्याला चायना वाजवता आला. आकार, धातू, कंपनी, किंमत हे सगळं त्यानंतरचं.

आधी वस्तू नीट पाहू. नेहमीचा क्रॅश किंवा राइड हा तुर्की वळणाचा सिंबल. मधल्या बेलपासून काठापर्यंत तो एकाच सलग उताराने खाली येतो आणि काठाकडे जाता जाता पातळ होतो. चायनाचं अंग त्या मानाने सपाट असतं. काठ यायच्या थोडं अलीकडे पत्रा एकदम वळतो आणि कड वर उचलली जाते. बेलही निराळी. अस्सल चिनी घडणीत ती गोल नसते; उंच, जवळपास उभ्या भिंतींची आणि माथ्याला चपटी असते. याचं कारण ड्रम सेटमध्ये शोधून सापडणार नाही. चीनमध्ये हे वाद्य जोडीने, दोन हातांत धरून वाजवतात. भोकातून कापड ओवायचं, ते हाताशी घट्ट धरायचं आणि बेल मुठीत पकडायची. ड्रमर जिला बेल म्हणतो ती मूळ वादकाची मूठ आहे. ढोल-ताशा पथकात झांज वाजवलेल्या कुणालाही ही पकड ओळखीची वाटेल. बाजारात 8-10 इंचांच्या छोट्या चायनापासून 24 इंचांच्या आणि त्याहूनही मोठ्या चायनापर्यंत सगळं मिळतं. सेटवर दिसणारे बहुतेक 16 ते 20 इंचांचे.

आता एखादा 18 इंची चायना स्टँडवर लावा आणि तीन ठिकाणी मारून पाहा. सपाट अंगावर स्टिकचं टोक हलकेच टेकवलं तर आधी कोरडी टिक ऐकू येते आणि तिच्या पाठोपाठ धुरकट फुसफुस उठते. बेलवर मारलं तर खट्ट असा बुटका आवाज येतो. राइडच्या बेलची खणखण इथे नाही. शेवटी स्टिकचा खांदा, म्हणजे टोकाच्या मागचा जाड भाग, त्या वळणावर घाला. आवाज चढत येत नाही, एकदम फुटतो. क्रॅशला फुलायला क्षणभर लागतो, चायना पहिल्याच क्षणी पूर्ण उघडलेला असतो. मग लगेच क्रॅशवर तेवढ्याच जोराने मारा आणि पायाने मात्रा मोजत राहा. मध्यम लयीत क्रॅशची आस पुढच्या आवर्तनात शिरते. चायनाचा मुख्य लोट एक-दोन मात्रांत ओसरतो आणि मागे उरतो तो मंद गुरगुराट. हा फरक कानात पक्का बसल्याशिवाय पुढची पानं वाचून फारसा उपयोग नाही.

असं का होतं? सिंबलवर आघात झाला की पत्र्यातून लहरी धावतात, काठावर आपटून परततात आणि एकमेकींत मिसळतात. त्यांत तीव्र कंपनांच्या लहरी पुढे पळतात, मंद कंपनांच्या मागून येतात. हलक्या आघाताला पत्रा काही ठरावीक कंपनं देतो. जोराच्या आघाताला त्याचं वागणं बेबंद होतं : खालच्या कंपनांतली ऊर्जा पुढच्या काही क्षणांत वरच्या कंपनांकडे सरकत जाते आणि सूर हरवून सळसळ उरते. हे सगळ्याच सिंबलांत होतं. चायनात भर पडते ती त्या वळणाची. पत्र्याच्या डब्याच्या झाकणाची कड मुडपली की झाकण जसं ताठ होतं, तसं या घडीमुळे चायनाच्या अंगाभोवती एक ताठर कडं तयार होतं. लहरींना आता एकाऐवजी दोन सीमा भेटतात, आधी घडी आणि मग खरा काठ, आणि घडीपलीकडची पट्टी बरीचशी स्वतःच्या मर्जीने हलते. तुर्की सिंबलचा पातळ काठ मोकळा डुलून दीर्घ आस देतो. चायनाच्या काठाला तेवढी मोकळीक नाही. परिणाम असा की कंपनांची दाटी होते, कुठलंच एक कंपन वर येऊन सूर म्हणून स्थिरावत नाही आणि जोराचा भाग चटकन संपतो. कानाला जो फुटका वाटतो तो आवाज या दाटीचा आहे.

आकारानंतर धातू. चांगला चायना कांशाचा असतो : 80 टक्के तांबं, 20 टक्के कथील. घंटा ओततात ती याच जातीच्या कांशाची. थंड असताना हा मिश्रधातू ठिसूळ असतो. घरातली काशाची वाटी फरशीवर पडली की पोचा न येता तडकते ती त्यामुळेच. मग त्याचा पातळ पत्रा ठोकायचा कसा? इथे कांशाचा एक उलटा गुण कामी येतो. पोलाद लाल तापवून पाण्यात बुडवलं तर कडक होतं. हे कांसं लाल तापवून पाण्यात बुडवलं तर नरमतं आणि हातोडी सोसतं. म्हणून कारागीर तापवतो, ठोकतो, पुन्हा तापवतो, विझवतो आणि शेवटी थंड अंगावर हातोडीने आकार आणि ताण बसवतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर ठोके घालण्याच्या कामाला मठारकाम म्हणतात. तिथे मठारल्याने भांड्याला बळकटी आणि झळाळी येते, इथे प्रत्येक ठोक्याने नाद सरकतो. चिनी पद्धतीत सिंबलचा काही भाग लेथवर न तासता तसाच काळपट सोडतात. त्या कातडीनेही आवाज आखूड आणि गडद होतो. चीनमध्ये या कामासाठी वुहान शहराचं नाव झालं आणि जगभरचे ड्रमर आज ‘वुहान’ म्हणतात ते या सिंबलांना उद्देशून. स्वस्त चायना 8 टक्के कथिलाच्या पत्र्यातून किंवा पितळेतून कापून, दाबून बनवतात. 8 टक्क्यांचं कांसं मुळात हलकं नव्हे. पाइस्ते कंपनीची 2002 ही नावाजलेली मालिका त्याचीच आहे. पण त्यातला चायना जास्त उजळ आणि धारदार वाजतो. पितळेचा मात्र बहुधा नुसताच वाजतो.

चायनाला वळण कसं लागलं हे कळायला मात्र इतिहासात जावं लागतं, आणि तिथे सुरुवातीलाच आपली गाठ आपल्याशी पडते. चीनच्या सुई राजवंशाच्या इतिहासग्रंथात संगीतावर एक भाग आहे. चौथ्या शतकाच्या मध्यात जांग छोंगह्वा लियांगजोऊवर राज्य करत असताना (346 ते 353) भारतातून तिथे वादक आल्याची नोंद त्यात आहे. लियांगजोऊ म्हणजे आजच्या गान्सू प्रांतातला, रेशीम मार्गावरचा मुलूख. या भारतीय मेळ्याच्या वाद्यांची यादीच ग्रंथकाराने दिली आहे. तंतुवाद्यं, बासरी, ढोल, शंख यांच्या रांगेत झांजही आहे. चायनाच्या वंशावळीत असा एक आपल्याकडचा पूर्वज निघतो. त्यावरून छाती फुगवायचं कारण नाही, कारण या वाद्याची भाषा घडली ती चीनमध्येच : बौद्ध मंदिरांत, गावच्या जत्रांत आणि मुख्य म्हणजे रंगभूमीवर.

बीजिंग ऑपेराचा वाद्यवृंद दोन भागांत बसतो. गाण्याच्या साथीचा एक, हाणामारीच्या आणि हालचालींच्या साथीचा दुसरा. दुसऱ्यात एक छोटा टणक ढोल, मोठा गाँग, लहान गाँग आणि झांजा असतात. सगळे ढोलवाल्याच्या इशाऱ्यावर चालतात. हे वादन शिकवतात ते बोलांनी. मोठा गाँग आणि बाकीचे एकत्र वाजले की ‘त्सांग’, लहान गाँग एकटा वाजला की ‘थाय’, झांजा वाजल्या की ‘छी’. तबल्याचे बोल पाठ केलेल्या माणसाला ही पद्धत समजावून सांगायची गरज नाही. या बोलांच्या बंदिशी ठरलेल्या आहेत आणि प्रत्येकीला रंगमंचावर नेमून दिलेलं काम आहे. ‘सीजीथोउ’ ही त्यांतली एक. तिच्यात मोठ्या गाँगचे चार ठोके असतात, मधल्या जागा झांजा आणि लहान गाँग भरतात आणि शेवटच्या ठोक्यावर नट एका पवित्र्यात थिजतो. तो ठोका आणि ती मुद्रा एकाच क्षणी पडावी लागते. इथे झांजेचा नाद रेंगाळला तर सगळं फसलं, कारण पवित्रा दिसायला शांतता लागते आणि पुढच्या वाक्याला कान मोकळे लागतात. या रंगभूमीच्या कारागिरांनी आघातानंतर काय होतं याचा किती बारकाईने विचार केला होता, याचा आणखी एक पुरावा गाँगमध्ये मिळतो. ऑपेरातल्या लहान गाँगचा सूर मारल्यानंतर वर चढतो, मोठ्याचा खाली उतरतो आणि हे पत्र्याच्या घडणीतून साधलेलं असतं. चायनाचा आखूड नादही याच शाळेतला.

ही शाळा अमेरिकेत पोहोचली ती सोन्याच्या शोधात आणि पुढे रेल्वेच्या कामावर गेलेल्या चिनी माणसांबरोबर. सॅन फ्रान्सिस्कोत 1852 मध्येच कँटनी ऑपेराचा प्रयोग झाला होता. पुढे 1882 मध्ये अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना दार बंद केलं आणि तो कायदा 1943 पर्यंत टिकला. वाद्यांना मात्र दार उघडंच राहिलं. विसाव्या शतकाच्या आरंभी, पायाने बेस ड्रम वाजवायचं पेडल रुळलं (लुडविगचं पेटंट 1909 चं), तशी दोघातिघांची कामं एकाच माणसाकडे आली आणि तो हाताला लागेल ते सेटभोवती टांगू लागला. त्यात चिनी सामान भरपूर होतं : खिळ्यांनी कातडं ठोकलेले, ड्रॅगन रंगवलेले टॉमटॉम, लाकडी ठोकळे, देवळातले पोकळ ठोकळे आणि चिनी सिंबल. आज ज्याला आपण निखालस पाश्चात्त्य वाद्य समजतो, त्या ड्रम सेटचा पहिला संसार निम्मा चिनी होता. टॉमटॉमचं रूप पुढे ओळखू येणार नाही इतकं पालटलं. चायना मात्र आपलं नाव आणि नाक दोन्ही राखून राहिला.

जॅझवाल्यांनी त्यात एक भर घातली. काठाजवळ भोकं पाडून त्यांत सैल रिव्हेट बसवले. आघात झाला की रिव्हेट पत्र्यावर थरथरतात आणि तापल्या तव्यावर पाणी पडल्यासारखी चरचर मागे राहते. चायनाला निसर्गतः नसलेली आस त्यांनी अशी बाहेरून पुरवली, पण सूर पुरवला नाही. 1623 पासून इस्तंबूलमध्ये सिंबल बनवणाऱ्या झिल्जियन घराण्याने 1929 मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये कारखाना काढला, तेव्हा या मागणीकडे त्यांचंही लक्ष गेलं. ‘स्विश’ आणि ‘पँग’ ही त्यांची चिनी वळणाची मॉडेलं त्यातून पुढे आली. तुर्की घराणं, अमेरिकी गिऱ्हाईक, चिनी आकार!

रिव्हेटच्या चायनाचं मर्म समजून घ्यायचं तर मेल लुईस (1929–1990) ऐकावा. थॅड जोन्स–मेल लुईस ऑर्केस्ट्रा 7 फेब्रुवारी 1966 पासून न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड क्लबात सोमवारी रात्री वाजवू लागला. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, सॅक्सोफोन यांचा सगळा ताफा एकदम पेटला की लुईसचा उजवा हात राइडवरून रिव्हेटच्या चायनावर जायचा आणि ठेका तिथे चालू राहायचा. हे उलटं वाटतं. एवढ्या गदारोळात सेटवरचा सर्वांत दांडगा सिंबल? पण ऐकताना त्यातलं शहाणपण कळतं. उजळ राइडला स्वतःची छटा असते आणि ती वरच्या पट्टीतल्या ट्रम्पेटशी भांडते. चायनाला सूरच नाही, त्यामुळे तो कुणाच्याच सुराला आडवा जात नाही. पितळी वाद्यांच्या खाली तो नुसता जाडसर, गडद पाया घालतो. एकटा ऐकला तर तो चायना ओबडधोबड वाटेल; ताफ्याखाली ठेवला की वाद्यवृंद मोठा झाल्यासारखा वाटतो.

1970 च्या दशकात चायनाला दुसरं आयुष्य मिळालं. जॉन मॅकलॉफलिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रातल्या बिली कोबहॅमने चायना उलटा, म्हणजे बेल खाली आणि वळलेली कड जमिनीकडे करून लावला आणि राइडसारखा त्यावर ठेका धरला. 1971 चा ‘द इनर माउंटिंग फ्लेम’ आणि 1973 चा ‘बर्ड्स ऑफ फायर’ हे अल्बम विषम मात्रांच्या तालांनी भरलेले आहेत, त्यामुळे भारतीय कानाला ते लवकर आपलेसे वाटतात. रश या कॅनडाच्या बँडच्या नील पिअर्टने झिल्जियनच्या सिंबलांमध्ये 20 इंची वुहान अनेक वर्षं ठेवला. त्याच्या हातून तरुण रॉक ड्रमरांच्या एका पिढीने चायना ऐकला. पुढे थ्रॅश आणि मेटलमध्ये तो घरचाच झाला.

मेटलमधला चायना म्हणजे नुसता धिंगाणा असं ज्यांना वाटतं, त्यांनी मेशुगा या स्वीडिश बँडचा टोमास हाके ऐकावा. 2008 च्या ‘ऑबझेन’ या अल्बममध्ये तो काय करतो पाहा : पाय आणि गिटार मिळून विषम लांबीचं एक वाक्य पुन्हापुन्हा म्हणतात, ते दर खेपेला समेपासून सरकत जातं आणि उजवा हात मात्र चायनासारख्या आखूड सिंबलवर साध्या चार मात्रा ठोकत राहतो. ऐकणाऱ्याला ताल सापडतो तो त्या हातामुळे. हेच काम लांब आसेच्या क्रॅशवर केलं असतं तर चारही मात्रा एकमेकींत विरघळल्या असत्या आणि खालचं अवघड वाक्य ऐकूच आलं नसतं. बीजिंगचा नट थिजतो तिथे जो गुण लागतो, तोच इथे लागतो. इतक्या वर्षांची जॅझ-रॉकची चाल मधे गेली, तरी वाद्याने आपला स्वभाव सोडलेला नाही.

सुलटा लावावा की उलटा, हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा विचारला जातो. माझं मत असं. सुलटा लावला, म्हणजे बेल वर आणि कड आकाशाकडे, की स्टिक उचललेल्या कडेच्या धारेवर पडते. आवाज तीक्ष्ण येतो, पण स्टिक सोलवटतात आणि काठाला चीर पडायची भीती वाढते. उलटा लावला की स्टिकचा खांदा वळणाच्या गुळगुळीत पाठीवर पडतो. आवाज भरीव येतो, दोन्ही वस्तू जास्त टिकतात आणि त्यावर ठेकाही सहज धरता येतो. जोराने वाजवणाऱ्यांनी उलटाच लावावा. हलक्या हाताने, सपाट अंगावर वाजवायचं असेल तर सुलटा लावायला हरकत नाही, पण मग सिंबल आपल्याकडे थोडा कलवावा. दोन्ही प्रकारांत वरचा नट आवळू नये. आवळलेल्या सिंबलला डोलायला जागा मिळत नाही आणि आघाताचा सगळा ताण वळणावर येतो. चायनाला पहिली चीर जाते ती बहुधा तिथे किंवा काठाला. चीर दिसताच तिच्या टोकाला लहान भोक पाडलं तर ती बरेच दिवस पुढे सरकत नाही. हे काम मात्र कांशाचा अंदाज असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावं.

विकत घेताना नावापेक्षा कानावर भरवसा ठेवा. हाताने ठोकलेल्या चायनांत एकाच आकाराचे, एकाच कंपनीचे दोन नग सारखे वाजतीलच असं नाही. दुकानात एकाला मारायला सांगा आणि स्वतः दहा-बारा पावलं लांब उभे राहा. जवळून जो अंगावर येतो तो लांबून कधीकधी नुसता खडखडतो, आणि जवळून जो मवाळ वाटतो तो लांबवर नीट पोहोचतो. ठेका धरायचा असेल तर गोल बेलचा आणि मोठा घ्या, 20 इंची किंवा वर. नुसते ठसके हवे असतील तर उंच, चपट्या माथ्याच्या बेलचा 16 किंवा 18 इंची पुरे. छोट्या चायनावर एखादा स्प्लॅश किंवा तडकलेला जुना क्रॅश उपडा टाकून दोन्ही घट्ट केले की स्टॅक तयार होतो. त्याचा आवाज चायनाहूनही आखूड, टाळीच्या जवळ जाणारा. तडकलेल्या सिंबलांचं काय करायचं या जुन्या प्रश्नाला मिळालेलं ते उत्तम उत्तर आहे.

स्टुडिओत चायनाविषयीची तक्रार खरी असते. त्याचा आवाज स्नेअर आणि टॉमच्या माइकांत घुसतो आणि मिक्समध्ये काढता येत नाही. उपाय साधे आहेत : तो सेटच्या कडेला, टॉमच्या माइकांपासून लांब लावा आणि लाइव्हपेक्षा निम्म्या जोराने वाजवा. हळू वाजवलेला चायनाही चायनाच राहतो, हे सांगूनही पटत नाही, रेकॉर्डिंग ऐकलं की पटतं. आणि सराव बंद खोलीत असेल तर कानांत प्लग घालाच. या वाद्याला मिळणारी प्रत्येक शिवी शेवटी कुणाच्या तरी दुखऱ्या कानातून आलेली आहे.

आता हे पुस्तक मराठीत का, याविषयी. मुंबईत ड्रम सेट रुजला तो 1930 च्या दशकातल्या हॉटेलांमधल्या जॅझमुळे. 1935 मध्ये लिऑन अॅबीचा बँड ताजमध्ये वाजवत होता, आणि त्या वातावरणात तयार झालेल्या गोव्याच्या आणि पारशी वादकांनी हे वाद्य हिंदी चित्रपटांच्या स्टुडिओंत नेलं. कावस लॉर्ड आणि त्यांचे मुलगे केरसी आणि बर्जोर ही नावं त्या इतिहासात अटळ आहेत. पुढे 1986 पासून इंडिपेंडन्स रॉक या महोत्सवाने मुंबईच्या पोरांना मोठा मंच दिला. आज पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात, पणजीत ड्रम शिकणारी मुलं शेकड्यांनी आहेत. त्यांतल्या कितीतरी जणांनी आधी पथकात ताशा किंवा झांज वाजवलेली असते, घरी आजोबांचा टाळ ऐकलेला असतो. कांशा-पितळेच्या नादाची समज त्यांच्या कानात आधीपासून आहे. शिकवणी मात्र इंग्रजी पुस्तकांतून आणि व्हिडिओंतून होते आणि त्यांत चायनाच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद येतो. टाळाची आस, तबल्याचे बोल, समेवरचा थांबा ही जी शब्दसंपत्ती या मुलांकडे आहे, तिच्यातून चायना जास्त लवकर समजतो असा माझा शिकवण्यातला अनुभव आहे.

पुस्तकाचे तीन भाग केले आहेत. पहिला ऐकण्याचा : आकार, जाडी, बेल आणि मारण्याची जागा बदलली की नाद कसा बदलतो. दुसरा वाजवण्याचा. त्यात आधी सुटे ठसके, मग ठेका, मग मेल लुईसच्या वळणाचं मोठ्या वाद्यवृंदाचं वादन आणि शेवटी विषम आवर्तनांवर चार मात्रांचा हात. ऑपेराच्या बोलांवर बेतलेले काही धडेही याच भागात आहेत. ते आधी तोंडाने म्हणायचे आणि मग हातात घ्यायचे. तिसरा भाग निवड, निगा आणि रेकॉर्डिंगचा. स्टाफ नोटेशन येत नसेल त्यांच्यासाठी प्रत्येक धडा मात्रांच्या चौकटीतही लिहिला आहे.

पुस्तक सलग वाचून संपवण्याचं नाही. चायना नसेल तर नवा घेण्याची घाई करू नका, आधी मित्राचा मागून आणा. पहिल्या प्रकरणातला पहिला धडा चार मात्रांचा आहे : पहिलीवर चायना, उरलेल्या तीन मोकळ्या. सोबत बासवाला किंवा गिटारवाला बसवा आणि त्याला हवं ते वाजवू द्या. त्या तीन मात्रांत तो दर खेपेला काय नवं करतोय हे तुम्हाला ऐकू यायला लागलं, की दुसऱ्या प्रकरणाकडे वळा.